खेळाच्या पेटीमागचे हात



माझ्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी कामगार यांवर आजवर बोलत आलेला माणूस व्हिडिओ गेमवर काय बोलणार? आमच्या युनियनमधल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी तर मला तोंडावरच विचारले, "अरे, पोरखेळावर बोलायला तूच सापडलास का?" त्यांना जे उत्तर मी दिले तेच आपल्यालाही देतो. खेळणे झाले तरी तो एक माल आहे. माल म्हटला की तो कोणाच्या तरी डोक्यातून निघालेला असतो आणि कोणाच्या तरी हातांनी जोडलेला असतो. त्यावर कोणाचे तरी नाव लागते आणि कोणाला तरी त्याचा पैसा मिळतो. हे डोके, हे हात, हे नाव आणि हा पैसा एकाच ठिकाणी क्वचितच भेटतात. म्हणून टीव्हीला जोडून घरात खेळावयाची जी पेटी, तिच्या पहिल्या काही वर्षांचा इतिहास मी आज सांगणार आहे, आणि तो चार प्रश्नांच्या आधाराने सांगणार आहे. ही पेटी कोणी केली? नाव कोणाचे लागले? पैसा कोणाला मिळाला? आणि धंदा बुडाला तेव्हा पहिली कुऱ्हाड कोणावर पडली?

मी कॉलेजात गेलेलो नाही. जे थोडेफार शिकलो ते रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. त्यामुळे यंत्राविषयी बोलताना ते मला समजले तसे, साध्या भाषेत सांगेन.

प्रारंभ एका निर्वासित मुलापासून होतो. राल्फ बेअर यांचा जन्म १९२२ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात झाला. हिटलरची सत्ता आली आणि ज्यू म्हणून या मुलाला शाळेतून काढण्यात आले. १९३८ साली ते कुटुंब देश सोडून न्यूयॉर्कला गेले. तेथे हा मुलगा एका कारखान्यात आठवड्याला १२ डॉलर मजुरीवर काम करू लागला. एके दिवशी त्याने एक जाहिरात पाहिली : टपालाने अभ्यासक्रम मागवून रेडिओचे तंत्र शिका. त्याने तो अभ्यासक्रम पुरा केला आणि १९४० साली रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर म्हणून बाहेर पडला. पुढे युद्धात सैन्यात नोकरी झाली, आणि युद्धानंतर १९४९ साली त्यांनी शिकागोच्या एका संस्थेतून टेलिव्हिजनच्या तंत्राची पदवी घेतली. रात्री दिव्याखाली बसून शिकलेल्या आपल्यासारख्यांना हा माणूस परका वाटण्याचे कारण नाही.

१९५१ साली बेअर एका कंपनीत टेलिव्हिजनचा संच तयार करण्याचे काम करीत होते. संचात एखादा खेळ बसवावा, अशी सूचना त्यांनी त्या वेळीच केली होती. वरिष्ठांनी ती बाजूस सारली. पंधरा वर्षे गेली. १९६६ साली ते न्यू हॅम्पशायर राज्यातील सँडर्स असोसिएट्स या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. ही कंपनी लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक सामग्री बनवीत असे. ऑगस्ट १९६६ अखेर न्यूयॉर्कच्या एका बसस्थानकावर सहकाऱ्याची वाट पाहत असता बेअर यांनी काही टिपणे केली आणि १ सप्टेंबरला कचेरीत बसून त्यांवरून चार पानांचे टाचण लिहिले. अमेरिकेतील कोट्यवधी घरांत टीव्हीचे संच पडून आहेत, त्यांचा उपयोग काय तर दुसरा दाखवील ते पाहणे. पाहणाऱ्याच्या हातात काही देता येणार नाही काय, असा हा विचार होता.

कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख हर्बर्ट कॅम्पमन यांनी या कामाला मंजुरी दिली ती किती? २,५०० डॉलर. त्यांतले २,००० मजुरीसाठी आणि ५०० सामानासाठी. हा हिशेब ध्यानात ठेवावा, कारण पुढे अब्जावधी डॉलरचा जो धंदा झाला त्याच्या पायात एवढीच रक्कम होती, आणि तीतही मजुरीचा वाटा पाचात चार होता.

ही मजुरी कोणाची? बिल हॅरिसन नावाच्या तंत्रज्ञाची. कल्पना बेअर यांची खरी, परंतु प्रत्यक्ष जोडणी, तारांचे सोल्डरिंग, एक एक भाग बसवून पाहणे हे काम हॅरिसन यांनी केले. तिसरे बिल रश नावाचे अभियंते. पडद्यावर खेळणाऱ्यांच्या हातचे दोन ठिपके होतेच. तिसरा ठिपका यंत्राने स्वतः हलवावा आणि त्याचा चेंडू करावा, ही सूचना रश यांची. त्यातून १९६७ साली पिंगपाँगचा खेळ उभा राहिला. १९६८ साली तयार झालेल्या नमुन्याला लाकडी वाटावा असा तपकिरी कागद चिकटवलेला होता, म्हणून त्याचे नाव 'ब्राऊन बॉक्स' पडले.

आता हा ठिपका पडद्यावर येतो कसा, हे पाहू. जुन्या टीव्हीच्या काचेमागे इलेक्ट्रॉनांचा एक झोत असे. मागावरचा धोटा जसा एका कडेकडून दुसरीकडे जातो आणि एक एक दोरा टाकीत कापड विणतो, तसा हा झोत डावीकडून उजवीकडे ओळीमागून ओळ टाकीत खाली येतो. अमेरिकेत अशा ५२५ ओळींचे एक चित्र, आणि सेकंदाला ३० चित्रे. बेअर आणि त्यांच्या सोबत्यांनी केले ते इतकेच : ओळ सुरू झाली की अमुक इतका वेळ थांबून क्षणभर पांढरा प्रकाश करावयाचा, आणि चित्र सुरू झाले की अमुक इतक्या ओळी सोडून तो करावयाचा. हे दोन्ही क्षण जुळले की त्या जागी पांढरा चौकोन उमटतो. थांबण्याचा वेळ हातातल्या गोल खुंटीने कमीजास्त केला की चौकोन सरकतो. यात संगणक नाही, स्मरणशक्ती नाही. थोडे ट्रान्झिस्टर, थोडे डायोड आणि वेळेचा हिशेब. मागावर ज्याने नक्षी काढली आहे त्याला हे तत्त्व लगेच उमगेल.

सँडर्स कंपनी खेळणी विकणारी नव्हे. म्हणून तिने टीव्ही बनविणाऱ्या कंपन्यांना हा नमुना दाखविला आणि १९७१ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीने तो करारावर घेतला. सप्टेंबर १९७२ मध्ये 'ओडिसी' या नावाने तो बाजारात आला. घरात टीव्हीला जोडून खेळावयाचे हे पहिले विक्रीचे यंत्र. किंमत सुमारे १०० डॉलर. आवाज नाही, रंग नाही, गुण मोजण्याची सोय नाही. रंग हवा म्हणून पारदर्शक प्लास्टिकची चित्रे दिली होती, ती टीव्हीच्या काचेवर चिकटवावयाची. शिवाय फासे, पत्ते आणि खोट्या नोटा. म्हणजे आपला सारीपाट आणि टीव्ही यांची गाठ घातलेली. ही यंत्रे १९७५ पर्यंत सुमारे साडेतीन लाख खपली. हे यंत्र फक्त मॅग्नाव्हॉक्सच्याच टीव्हीवर चालते असा पुष्कळ गिऱ्हाइकांचा समज झाला, त्यानेही खप मर्यादित राहिला. आपल्याकडचा काळ ध्यानात यावा म्हणून सांगतो : मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आम्ही टीव्ही नुकता पाहू लागलो होतो, तेव्हा तिकडे त्याच्याशी खेळू लागले होते.

आता दुसरे नाव पुढे येते. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७१ साली नाणे टाकून खेळण्याचे 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचे यंत्र काढले होते, आणि जून १९७२ मध्ये त्यांनी अटारी कंपनी स्थापन केली. अटारी हा जपानमधील 'गो' या खेळातला शब्द आहे; बुद्धिबळात आपण शह म्हणतो तशा अर्थाचा. मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात ओडिसीचे प्रदर्शन भरले होते. तेथे बुशनेल गेले, त्यांनी टेनिसचा खेळ पाहिला आणि पाहुण्यांच्या वहीत सही केली. नंतर कंपनीत आलेले तरुण अभियंते अल अल्कॉर्न यांना त्यांनी सरावासाठी म्हणून तसाच सोपा खेळ करावयास सांगितला. तो म्हणजे 'पाँग'. सनीव्हेल गावातील एका दारूच्या गुत्त्यात पहिले यंत्र ठेवले. काही दिवसांनी ते बंद पडले म्हणून बोलावणे आले. अल्कॉर्न जाऊन पाहतात तो यंत्र शाबूत, फक्त नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता.

पुढे मॅग्नाव्हॉक्सने १९७४ साली फिर्याद लावली. त्या वहीतील सही पुराव्यात आली. १९७६ साली अटारीने तडजोड करून परवान्याचे पैसे भरले. इतर प्रतिवादींशी खटला चालू राहिला आणि जानेवारी १९७७ मध्ये शिकागोचे न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी मॅग्नाव्हॉक्सच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे न्यायालयात बेअर जिंकले, परंतु लोकांच्या तोंडी नाव राहिले ते अटारीचे आणि पाँगचे. डॅबनी यांचे तर दोन्हीकडून राहून गेले. पडद्यावर ठिपका हलविणारा अटारीचा पहिला जोडमार्ग त्यांनी तयार केला होता. १९७३ साली ते कंपनीतून बाहेर पडले आणि पुढे कित्येक वर्षे संस्थापक म्हणून बुशनेल यांचेच नाव घेतले जाई.

१९७५ साली अटारीने घरगुती पाँग काढला. सारा जोडमार्ग एका चिपवर आणला होता. सिअर्स या दुकानमालिकेने नाताळासाठी दीड लाख यंत्रांची मागणी नोंदविली. पुढच्याच वर्षी जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीने असली तयार चिप कोणालाही विकत मिळेल अशी केली, आणि चेंडूफळीच्या पेट्या बनविणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. त्यांतली कोलेको मूळची कातड्याचा व्यापार करणारी. तिचे नावच कनेक्टिकट लेदर कंपनी या शब्दांवरून झालेले. परंतु या सर्व पेट्यांत एक मोठी उणीव होती. जो खेळ आत बसविला तोच आयुष्यभर. ग्रामोफोन घ्यावा आणि त्यावर एकच तबकडी कायमची खिळवलेली असावी, तसे ते होते.

ही खिळवलेली तबकडी ज्यांनी सोडविली त्यांत जेरी लॉसन यांचे नाव प्रमुख आहे. लॉसन हे कृष्णवर्णीय. जन्म १९४० साली न्यूयॉर्कमध्ये. वडील गोदीत काम करणारे हमाल, पण विज्ञानाच्या वाचनाचा नाद असलेले. आई मुलाची शाळा बरी की वाईट हे स्वतः जाऊन तपासणारी. शाळेत त्यांच्या बाकाशेजारी भिंतीवर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चित्र होते, आणि तूही असा होशील, असे बाईंनी सांगितल्याची आठवण लॉसन पुढे सांगत. कार्व्हर हे नाव वीणा गवाणकरांच्या पुस्तकाने मराठी घराघरांत पोहोचलेले आहे, त्यामुळे त्या चित्राचे मोल मी आपल्याला सांगावयास नको. लॉसन लहानपणी घरी हौशी रेडिओ चालवीत, शेजाऱ्यांचे टीव्ही दुरुस्त करीत. कॉलेजात गेले, पण पदवी पुरी केली नाही.

फेअरचाइल्ड कंपनीने १९७६ साली 'चॅनल एफ' नावाचे यंत्र काढले, त्या कामाची सूत्रे लॉसन यांच्या हाती होती. यात प्रथमच मायक्रोप्रोसेसर, म्हणजे चिपवर मावलेला संगणकाचा मेंदू, आला. आणि खेळ वेगळ्या डबीत आला, जिला आपल्याकडे पोरे कॅसेट म्हणतात. कॅसेट बदला की खेळ बदलला. मूळ कल्पना अल्पेक्स नावाच्या लहान कंपनीतील वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. परंतु प्रयोगशाळेतले नाजूक चिपचे पान पोराच्या हातात द्यावयाचे म्हणजे केवढी अडचण! अंगावरच्या स्थिर विजेने चिप जळता कामा नये, शेकडो वेळा घातली-काढली तरी जोड झिजता कामा नये, आणि यंत्रातून निघणाऱ्या लहरींनी शेजाऱ्याचा रेडिओ खरखरता कामा नये, असा सरकारी नियम. हे सारे लॉसन यांच्या पथकाने सोडविले. १९७७ साली आलेल्या अटारीच्या यंत्राने हीच वाट उचलली आणि चॅनल एफ मागे पडले. लॉसन २०११ साली वारले. त्यांचे नाव उघडपणे घेतले जाऊ लागले ते अगदी अखेरच्या दिवसांत.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. १९७६ साली वॉर्नर या मोठ्या करमणूक कंपनीने अटारी विकत घेतली. १९७७ साली अटारीचे नवे यंत्र १९९ डॉलरला आले. त्यात काम करताना वापरावयाची स्मृती फक्त १२८ बाइट. एका बाइटला इंग्रजीचे एक अक्षर धरा. म्हणजे पोस्टकार्डाच्या एका बाजूवर याहून अधिक मजकूर मावतो. संपूर्ण चित्र साठवून ठेवण्यास जागाच नाही. म्हणून खेळ लिहिणाऱ्याला तो मघाचा धोटा ज्या ओळीवर आला असेल ती ओळ त्याच क्षणी पुरवावी लागे. हे काम एकेक माणूस एकट्याने करी. कल्पना त्याची, चित्र त्याचे, आवाज त्याचा, आणि सारा हिशेबही त्याचाच. कित्येक महिने खपून असा एक खेळ उभा राही. आणि डबीवर नाव कोणाचे? फक्त कंपनीचे.

वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुणाने यावर आपला तोडगा काढला. 'ॲडव्हेंचर' या खेळात त्याने एक गुप्त खोली ठेवली आणि तिच्यात आपले नाव लिहिले. वरिष्ठांना पत्ता नाही. खेळ १९८० साली बाजारात गेला, एका मुलाला ती खोली सापडली आणि त्याने कंपनीला पत्र लिहिले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. आपल्याकडे जुन्या देवळाच्या एखाद्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा दगडावर, पाथरवटाने केलेली खूण सापडते. माणसाची ही भूक फार जुनी आहे.

इतरांनी मात्र राजरोस वाट धरली. एकदा कंपनीच्या विक्रीखात्याने कोणती कॅसेट किती खपली याचा तक्ता वाटला. हेतू असा की, जे खपते तसले आणखी करा. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी तो तक्ता घेऊन बेरीज केली. कॅसेटच्या विक्रीचा सुमारे ६० टक्के भाग आपल्या चौघांच्या खेळांचा आहे, असे त्यांना दिसले. पगार मात्र साधारण अभियंत्याचा. ते कंपनीचे प्रमुख रे कसार यांच्याकडे गेले. कसार पूर्वी बर्लिंग्टन या कापड कंपनीत मोठे अधिकारी होते. चौघांची मागणी साधी होती : गाण्याच्या तबकडीवर गायकाचे नाव असते आणि त्याला खपावर काही मिळते, तसे आम्हांला द्या. क्रेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे कसार यांच्या उत्तराचा आशय असा होता की, खेळाच्या यशात लाइनवर बसून डबी जोडणाऱ्याचा जितका वाटा, त्याहून तुमचा अधिक नाही.

हा प्रसंग जो तो सांगतो, आणि सांगणारा कसार यांना हसतो. पण बंधुभगिनींनो, कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या कानाला त्यात दोन गोष्टी ऐकू येतात. पहिली ही की, लेखकाला खाली खेचण्यासाठी लाइनवरच्या कामगाराची उपमा दिली. म्हणजे तो कामगार कवडीमोलाचा, हे साहेबांनी गृहीतच धरले होते. दुसरी ही की, ते वाक्य ऐकून ज्यांना अपमान वाटला त्यांनीही तेच गृहीत धरले. चौघांपैकी कोणी असे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही की, ठीक आहे, मग त्या जोडणाऱ्यालाही वाटा द्या. साहेब आणि कसबी माणूस यांचे भांडण जुंपले, पण एका बाबतीत दोघांचे एकमत होते.

चौघे बाहेर पडले आणि १ ऑक्टोबर १९७९ रोजी जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी ॲक्टिव्हिजन कंपनी सुरू केली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी फक्त कॅसेट बनविणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. अटारीने फिर्याद लावली. १९८२ साली तडजोड झाली आणि परवान्याचे पैसे देऊन कोणीही कॅसेट काढाव्यात, ही वाट मोकळी झाली. ॲक्टिव्हिजनने डबीवर लेखकाचे नाव छापले, माहितीपुस्तिकेत त्याचे पान दिले. क्रेन यांचा 'पिटफॉल' आणि कॅरोल शॉ यांचा 'रिव्हर रेड' हे १९८२ सालचे गाजलेले खेळ. या धंद्यात अगदी आरंभी आलेल्या थोड्या स्त्रियांपैकी शॉ एक होत. जे मागून मिळाले नव्हते ते बाहेर पडल्यावर मिळाले, आणि पुढे अटारीलाही आपल्या लेखकांना खपावर बक्षिसी द्यावी लागली. दुर्मिळ कसब अंगी असले की दाराबाहेर पडण्याची धमकी खरी ठरते. मागणीचे बळ यातच असते.

परंतु ज्याचे कसब साहेबांना दुर्मिळ वाटत नाही त्याचे काय? ते पुढच्याच वर्षी दिसले.

१९८० साली 'स्पेस इन्व्हेडर्स' हा जपानी खेळ कॅसेटवर आला आणि अटारीच्या यंत्राचा खप कित्येक पटींनी वाढला. हाव वाढली. १९८२ साली 'पॅकमॅन'च्या सुमारे १ कोटी २० लाख कॅसेटी बनविल्या, ७० लाखांवर खपल्या, बाकीच्या पडून राहिल्या. मग 'ई.टी.' या चित्रपटावर खेळ काढण्याचा हक्क दोन कोटींहून अधिक डॉलर मोजून घेतला असे सांगतात. करार जुलैअखेर झाला, माल नाताळाला हवा. म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या लेखकाला मुदत मिळाली सुमारे पाच आठवड्यांची. ज्या कामाला सहा महिने लागतात ते पाच आठवड्यांत. खेळ पडला. लाखो कॅसेटी परत आल्या. आणि जगातला सर्वांत वाईट खेळ लिहिणारा म्हणून त्या एकट्या माणसाचे नाव झाले! त्याच वर्षीचा 'यार्स रिव्हेंज' हा उत्तम खपलेला खेळही त्याचाच होता, हे कोणी बोलले नाही. मुदत ठरविणाऱ्याचे आणि लाखोंची मागणी नोंदविणाऱ्याचे नाव कोठेही आले नाही. दोषाच्या डबीवर मात्र कारागिराचे नाव ठळक छापतात, हे आपण आपल्या कारखान्यांतही पाहतो.

डिसेंबर १९८२ मध्ये नफा अपेक्षेपेक्षा फार कमी होणार असे वॉर्नरने जाहीर केले आणि तिचे शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्शाने कोसळले. फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने आपले उत्पादन हाँगकाँग आणि तैवानला नेण्याचा निर्णय केला आणि कॅलिफोर्नियातील सुमारे १,७०० लोकांना घरी पाठविण्याचे ठरविले. यंत्रे जोडणाऱ्या कामगारांना पुरेशी पूर्वसूचनाही मिळाली नाही. तेथे काचकाम करणाऱ्यांच्या एका युनियनने कामगारांना संघटित करण्याचा यत्न चालविला होता. कपातीनंतर त्याच वर्षी एका कारखान्यात मतदान झाले, त्यात मोठ्या बहुमताने युनियन हरली. शेकडो लोकांच्या हातचे काम समुद्रापार गेलेले ज्यांनी नुकते पाहिले, ते हात वर करावयास भ्याले असतील तर मी त्यांना बोल लावणार नाही. मोठ्या कपातीपूर्वी ६० दिवसांची सूचना सक्तीची करणारा कायदा अमेरिकेत झाला तो १९८८ साली. त्याच १९८२-८३ साली आपल्या मुंबईत गिरणी कामगारांचा संप चालू होता. कापड वेगळे आणि कॅसेट वेगळी, पण संध्याकाळी घरी जाऊन काय सांगावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

सप्टेंबर १९८३ मध्ये न खपलेला माल ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतील ॲलमगॉर्डो गावच्या कचऱ्याच्या खड्ड्यात नेऊन टाकला आणि त्यावर काँक्रीट ओतले. त्या साली अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. २६ एप्रिल २०१४ रोजी तो खड्डा उकरला आणि सुमारे १,३०० कॅसेटी वर काढल्या. लोक त्या पाहण्यास जमले. ज्यांनी त्या जोडल्या त्यांना शोधण्यास कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.

धंदा मात्र मेला नाही. जुलै १९८३ मध्ये जपानच्या निंटेंडो कंपनीने 'फॅमिकॉम' काढला आणि १९८५ साली तोच नव्या रूपात अमेरिकेत नेला. १८८९ साली क्योटो येथे हाताने केलेले खेळण्याचे पत्ते विकीत ही कंपनी सुरू झाली. फॅमिकॉमच्या हातातल्या तुकड्यावर डाव्या अंगठ्याखाली जी अधिक चिन्हासारखी कळ असते, ती गुनपेई योकोई यांची कल्पना. योकोई कंपनीत १९६५ साली लागले ते पत्ते बनविणाऱ्या यंत्रांची देखभाल करणारे म्हणून! त्यांनी फावल्या वेळात केलेले एक खेळणे मालकाच्या दृष्टीस पडले आणि त्यांना नवी खेळणी काढण्याच्या कामावर घेतले. मेंटेनन्स खात्यातल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी असली तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आमच्या मॅनेजर मंडळींनी भिंतीवर लावावे. याच फॅमिकॉमच्या नकला १९९० नंतर आपल्या बाजारात आल्या, आणि आपल्या पोरांनी कॅसेटला फुंकर मारून ती यंत्रात बसविण्याची विद्या हस्तगत केली.

आता समारोप करतो. सुरुवातीचे चार प्रश्न आठवा. पेटी कोणी केली? निर्वासिताने, तंत्रज्ञाने, गोदीतल्या हमालाच्या मुलाने, आणि लाइनवर बसलेल्या शेकडो बायाबापड्यांनी. नाव बहुधा कंपनीचे लागले. बेअर यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळाले ते २००६ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी. पैसा ज्याच्या हाती यंत्र आणि बाजार होता त्याला मिळाला, आणि काही ज्यांना दार उघडून बाहेर पडता आले त्यांना. कुऱ्हाड मात्र ज्यांना बाहेर पडण्यास दुसरे दार नव्हते त्यांच्यावर पडली.

मात्र गोष्ट येथे संपत नाही. नाव आणि वाटा यांसाठी १९७९ साली ज्या चौघांनी ॲक्टिव्हिजन काढली, तिचा पुढे अवाढव्य कारभार झाला. तिच्या मालकीच्या रेव्हन सॉफ्टवेअर नावाच्या शाखेत खेळ तपासून त्यांतल्या चुका शोधणारे कामगार होते. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्यातल्या काहींना कमी केल्याचे कळताच इतरांनी काम थांबविले. कंपनीने विरोध केला. मे २०२२ मध्ये मतदान झाले : १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन मंजूर. संख्या लहान आहे. आमच्या एखाद्या खात्याच्या गेट-मीटिंगलाही याहून अधिक माणसे येतात. परंतु चौघे कसबी लोक जे फक्त स्वतःसाठी मागून बाहेर पडले, तेच त्यांच्याच घरात त्रेचाळीस वर्षांनी साध्या तपासनिसांनी एकमेकांसाठी मागितले, आणि बाहेर न पडता मागितले.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे. घरी नातवंडे खेळत असतील तर त्यांना रागावू नका, शेजारी बसा. खेळ संपल्यावर पडद्यावर नावांची लांबच लांब यादी येते, आणि पोरे कळ दाबून ती पुढे ढकलतात. त्यांना म्हणावे, जरा थांब, वाचू दे. ती यादी सहजासहजी मिळालेली नाही. आणि वाचून झाल्यावर पेटी उलटी करून ती कोणत्या देशात जोडली ते पाहावे, आणि त्या यादीत नसलेल्या माणसांविषयी नातवाशी दोन शब्द बोलावे.